लागलं की बाहेर

वाचक बंधुभगिनींनो, सदर कथेत मी एका रेडिओ निवेदकावर एका शुक्रवारी भर मध्यान्ही ओढवलेल्या प्रसंगाचे निवेदन करण्याचे योजिले आहे. ज्याच्या आवाजाला सारे शहर वचकून असते, तो मनुष्य स्वतःच्याच आवाजात कसा कोंडला जातो, हे यातून आपणांस दिसून यावे, अशी माझी इच्छा आहे. ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला त्यांची अनुमती मी घेतलेली आहे. त्यांची नावे बदलली असून माझे तेवढे खरे ठेवले आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असल्याने शब्दयोजनेत काही न्यून आढळल्यास ते माझे समजावे, कथेचे नव्हे.

कोथरूडमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचे रेडिओ केंद्र आहे. खालच्या मजल्यांवर शिकवणीचे वर्ग भरतात. त्या मुलांची दुपारची गडबड जिन्यात ऐकू येते. परंतु स्टुडिओचे जाड दार एकदा ओढून घेतले की बाहेरच्या जगाचा यत्किंचितही आवाज आत पोहोचत नाही. आत खिडकी नाही. दारावर तांबडा दिवा आहे. तो पेटलेला असताना आतल्या माणसाने बाहेर जायचे नाही व बाहेरच्याने आत यायचे नाही, असा शिरस्ता आहे. काचेच्या एका बाजूस निवेदक बसतात व दुसऱ्या बाजूस मी बसतो. माईकचा आवाज कमीअधिक करणे, जाहिराती सोडणे आणि श्रोत्यांचे फोन घेऊन ते आत जोडून देणे, हे माझे काम होय.

रोज दुपारी बारा ते दोन या वेळेत ‘भर दुपारचं मैदान’ हा खेळांवरील गप्पांचा कार्यक्रम असतो. त्याचे निवेदक दोघे. पैकी नम्रता ढोले ही मूळची अकोल्याची. शिक्षणासाठी पुण्यास आली व येथेच रमली. तिने कौतुक करायचे. दुसरे आबा. त्यांनी रागवायचे. ही वाटणी कार्यक्रमप्रमुख मैत्री मॅडम यांनी ठरवून दिलेली आहे. आबांचे खरे नाव हिंदुराव कोंढरे. कात्रजच्या पलीकडील जी गावे महापालिकेत आली, त्यांतील एका गावचे ते शेतकरी. तरुणपणी त्यांनी कबड्डी गाजवली. पुढे जत्रांतील सामन्यांचे निवेदन करू लागले आणि तेथून रेडिओवर आले. ‘आबा’ हे नाव रेडिओने दिले. घरी व गावात त्यांना अण्णा म्हणतात. शहरातील श्रोत्यांनाच काय, केंद्रातही हिशेबनीस व मी सोडून कोणास आबांचे खरे नावगाव ठाऊक नाही.

मूळचा मनुष्य अत्यंत मवाळ. रिक्षावाल्याने लांबच्या वाटेने फिरवून आणले तरी “असू द्या, नवा रस्ता दाखवलात,” असे म्हणणारा. परंतु माईकसमोर पहिल्या काही दिवसांत एका क्रिकेटपटूवर ते तोंडभरून रागावले, श्रोत्यांना ते भारी आवडले, आणि तेव्हापासून बिनरागाचे आबा कोणासही चालेनासे झाले. लग्नकार्यात गेले तरी लोक आवाज ओळखून भोवती जमत व म्हणत, “आबा, आमच्या जावईबापूंना जरा बाकावर बसवा की.” मग आबांना जेवणाचे ताट हातात धरून त्या जावयावर लटके रागवावे लागे. ताटातला भात तोपर्यंत गार होऊन जाई.

बाकावर बसवणे ही शुक्रवारची रीत. त्या दिवशी श्रोते एखाद्या खेळाडूवर फिर्याद घेऊन येतात. दोन वाजण्यापूर्वी आबांनी निकाल द्यायचा असतो. खेळाडू ‘मैदानावर’ राहील, नाहीतर ‘बाकावर’ बसेल. तिसरा निकाल नाही, आणि निकाल न देणे तर नाहीच नाही. निकालापूर्वी आबांच्याच आवाजातील एक वाक्य ढोलाच्या ठेक्यावर वाजते : “आबा कुणाचाच नाही.” हे वाक्य शहरात इतके रुजले की स्वारगेटच्या बसथांब्यावर रांग मोडणाऱ्यास लोक म्हणतात, “मागे व्हा, आबा कुणाचाच नाही.”

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. आबांना एकुलती एक कन्या आहे. तिचे नाव वैष्णवी. विवाहानंतर ती वैष्णवी विक्रम खुटवड झाली. एका शाळेत खेळशिक्षिका आहे व कबड्डीत डाव्या कोपऱ्यात उभी राहून पकडी करते. काही वर्षांपूर्वी, लग्नाआधी, तिची राज्य संघात निवड होण्याची वेळ आली असता आबा मैदानाबाहेर उभे राहून सामना पाहत होते. त्यांना तेथे पाहून कोणी बोलले की बापाची ओळख आहे, पोरगी आत जाणारच. ते बोलणे पसरले. समितीने बोलणे नको म्हणून तिला वगळले. त्या दिवशी वैष्णवीने वडिलांकडून शब्द घेतला, की माझे नाव तुमच्या तोंडून माईकवर कधीही निघता कामा नये, चांगले नाही आणि वाईटही नाही. आबांनी तो शब्द पाळला होता. मी त्यांना कार्यक्रम संपल्यावर स्कूटरवरून स्वारगेटपर्यंत सोडत असे. त्या वाटेवर हे सर्व त्यांनीच मला सांगितले होते. केंद्रात अन्य कोणासही याची कल्पना नव्हती.

यंदा पुन्हा राज्य संघाची निवड होणार होती. यादी रविवारी लागणार होती. त्याच आठवड्यात एका स्पर्धेचा अंतिम सामना झाला. वैष्णवी एका संघाची कर्णधार होती. गुण बरोबरीत होते व शेवटची चढाई समोरच्या संघाची होती. चढाई करणारी मुलगी कोपऱ्याशी आली, तिने हात फिरवला आणि रिकाम्या हाताने परत गेली. पंचाने काही दिले नाही. त्या मुलीनेही काही मागितले नाही. सामना बरोबरीत सुटून जादा वेळ मिळणार, असे सर्वांनी धरले होते. इतक्यात वैष्णवीने आपण होऊन हात वर केला आणि ती रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. त्या मुलीची बोटे तिच्या वेणीच्या टोकाला लागली होती. दुसऱ्या कोणासही ते कळले नव्हते. ज्याचे केस त्यालाच ते कळणार. एका गुणाने संघ हरला.

तिने असे का केले, हे मला ठाऊक होते, कारण आबांच्या गावचे मैदान मी पाहिलेले आहे. चहूबाजूंनी उंच इमारती उठल्या, तरी तेवढी एक मोकळी जागा आबांनी विकलेली नाही. तेथे ते संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवतात. त्या मैदानावर पहिल्यापासून पंच नाही. गावात पंच व्हायला कोणाला सवड नसे, म्हणून आबांनी नियम घातला : लागलं की बाहेर. जिला लागले तिने स्वतः सांगायचे व जायचे. वैष्णवी त्याच मातीत वाढली. इतरत्र पंच असतात, तेव्हा हा नियम घरी ठेवून जायचा असतो, असे तिला कोणी सांगितले नव्हते. आबांनाही ते कधी सुचले नव्हते.

सामन्याचा तो तुकडा मोबाईलवरून शहरभर फिरला. शुक्रवारी मी केंद्रात पोहोचलो तोच मैत्री मॅडम मला म्हणाल्या, “माऊली, आजचा विषय ठरला. ती हात वर करणारी.”

आबा तेव्हा दप्तर ठेवत होते. त्यांनी विचारले, “दुसरा विषय नाही का? तो खो-खोचा वाद...”

“खो-खोवर गेल्या शुक्रवारी झालं की. त्या मुलाला बसवलंत तुम्ही बाकावर,” मॅडम म्हणाल्या. “आणि पाहुणे बोलावलेत आज. निवड समितीचे सुदर्शन सर. योग जुळून आलाय, आबा. काही अडचण आहे का?”

आबांनी दप्तराचा बंद पुन्हा आवळला. अडचण सांगावी तर ती कोणती, हे सांगावे लागणार होते. “अडचण कसली,” ते म्हणाले.

सुदर्शन सर उंच, कमी बोलणारे गृहस्थ. समितीवर ते यंदाच आले होते. नम्रताने त्यांना पाणी दिले व विचारले, “सर, यादीत कोण कोण आहे, जरा तरी सांगा ना.”

“मी ऐकायला आलोय. यादी रविवारी वाचता येईल आपल्याला,” सर म्हणाले.

तांबडा दिवा पेटला. दार बंद झाले. पहिला फोन कोथरूडच्या रावसाहेबांचा होता. हे निवृत्त गृहस्थ आठवड्यातून दोनतीनदा फोन करतातच.

“नमस्कार. रावसाहेब, कोथरूड. आपण फोन उचललात, उपकार झाले,” ते म्हणाले. “माझा प्रश्न साधा आहे. ही मुलगी तिथे कबड्डीला गेली होती की कीर्तनाला?”

नम्रता हसली. “अहो काका, प्रामाणिकपणा केला तिनं.”

“तो घरी करावा. मैदानावर पंच असतात. त्यांना मानधन देतात ते टाळ्या वाजवायला देत नसावेत. आणि मला एक कळू द्या, हिला शिकवलं कोणी? त्या मास्तरांचा सत्कार करायचाय. नारळ मी देतो.”

काचेतून मी आबांकडे पाहत होतो. ते माईकच्या दांड्याला धरून बसले होते. रावसाहेबांना ते नेहमी टोला देत. आज ते केवळ इतकेच म्हणाले, “पुढचा फोन घेऊ.”

पुढचा संतोष नावाचा तरुण होता. हिंजवडीच्या ऑफिसातून बोलत होता. “आबा, सिंपल आहे. गेम अवेअरनेस झीरो. कॅप्टन आहे ना ती? बाकीच्या सहा मुलींचं काय? त्यांनी वर्षभर घाम गाळला, आणि हिनं एका सेकंदात सगळ्यांचं वाटोळं केलं, स्वतःला चांगलं वाटावं म्हणून. इट्स सेल्फिश, आबा.”

हे बोलणे आबांना लागलेले मी पाहिले. रावसाहेबांचा टोमणा उडवून लावता आला असता. परंतु या मुलाच्या म्हणण्यात तथ्य होते. नम्रता त्यांच्याकडे पाहू लागली. जेथे आबांनी भडकायचे तेथे ते गप्प राहत होते, त्यामुळे तिला दोन्ही बाजू एकटीनेच सांभाळाव्या लागत होत्या. रेडिओवर गप्प बसणे हा सर्वांत मोठा गुन्हा समजला जातो. मैत्री मॅडम माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“आज झोपलेत का हे?” त्या म्हणाल्या.

“घसा बसलाय, मॅडम,” मी म्हणालो.

“मग खडीसाखर द्या. पण बोलायला लावा.”

इतक्यात एका वृद्ध स्त्रीचा फोन आला. शिरस्त्याप्रमाणे मी नाव व विषय विचारला. “सोजरबाई. कबड्डीवर बोलायचं हाय,” असे ती म्हणाली. मी फोन आत जोडला.

“आरं हिंदुराव,” स्टुडिओत आवाज घुमला, “मी सोजरबाई बोलतीया. तू का गप हायस? ती लोकं आपल्या पोरीला नाय नाय ते बोलत्यात आन् तू तोंडात मिठाची गुळणी धरून...”

बाई आबांच्या गावची, हे मी ओळखले; आवाजाची कळ खाली ओढली व लाईन बंद केली.

नम्रता लगोलग म्हणाली, “अरेरे, आजींचा फोन गेला वाटतं. आजी, पुन्हा लावा हं. तोपर्यंत एक छोटासा ब्रेक.” मी जाहिराती सोडल्या. तांबडा दिवा विझला.

मागून मॅडमांचा प्रश्न आला. “माऊली, लाईन पडली की पाडलीत?”

“पडली, मॅडम.”

“छान बोलत होती बाई. हिंदुराव कोण म्हणे?”

“घरातल्या कुणाशी बोलत असेल. म्हाताऱ्या माणसाचं काय,” मी म्हणालो.

“पुन्हा लावा तिला.”

“नंबर लागत नाही.” नंबर मी लावलाच नव्हता. मॅडमांना कोणाचा तरी फोन आला म्हणून त्या बोलत बोलत बाहेर वऱ्हांड्यात गेल्या. नम्रता सुदर्शन सरांना जाहिरातींतील एका फ्लॅटचा भाव सांगत होती. आबा काचेआडून बाहेर आले व माझ्या कानाशी वाकले.

“माऊली, यंत्रात काहीतरी बिघाड काढ.”

“काय बिघाड काढू, आबा? जाहिराती वाजतायत व्यवस्थित. मॅडम बाहेरच उभ्या आहेत.”

“लाईट घालव.”

“खाली जनरेटर आहे.”

ते स्टुलावर टेकले. बोलू लागले ते हिशेब मांडल्यासारखे. तिला बाकावर बसवले तर समितीचा माणूस शेजारी बसला आहे, त्याच्या कानावर ते पडणार. मैदानावर ठेवले तर दिलेला शब्द मोडणार, आणि उद्या सोजरबाईसारखे कोणी बोलले की वशिला म्हणून तिचे नाव कायमचे बाद होणार. निकाल देत नाही म्हणावे तर का देत नाही, हे सारे शहर विचारणार. “मला एखादं दार सांग,” ते म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला.

“अण्णांना द्या. हवेवर सोडू नका,” पलीकडून आवाज आला. वैष्णवीताई होत्या. मी आबांच्या कानाला हेडफोन लावला. लाईन माझ्या हातातून जात असल्याने मलाही ते संभाषण ऐकावे लागले.

“अण्णा, आवाज का बसलाय तुमचा?”

“बसला न्हाय. तू कुठं हायस?”

“शाळेत. स्टाफरूममध्ये सगळे तुमचंच ऐकतायत, मी बाहेर आलेय. वेळ नाही, ऐका. मला बाकावर बसवा.”

आबांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

“अण्णा, ऐकताय ना?”

“लागलं होतं का तुला?”

“केसाला. तुम्हाला माहितीये लागलं होतं ते.”

“मग कशी बसवू?”

“बाकीच्यांना बसवता तशीच. गेल्या शुक्रवारी त्या खो-खोच्या पोराला बसवलंत. तो काय कुणाचा मुलगा नव्हता?”

आबांनी डोळे मिटले.

“तुम्ही मला वाचवलंत तर मी गेले,” ती म्हणाली. “मागच्या खेपेला तुम्ही नुसते बाहेर उभे होतात, तरी बोलले लोक. आता तर माईक आहे तुमच्या हातात.”

“सर बसलेत इथं. त्यांनी ऐकलं तर?”

“सरांनी मला खेळताना पाहिलंय. त्यांना तुमचं ऐकायची गरज नाही.”

“वैशू, तो नियम माझा हाय.”

“म्हणूनच बसवा म्हणते. तुमचा आहे हे कुणाला कळायला नको. घंटा झाली, मी जाते. आणि नेहमीसारखे चिडा, नाहीतर कळेल.”

फोन बंद झाला. मॅडम परत आल्या. “सर्व ठीक?” त्यांनी विचारले. “ठीक,” आबा म्हणाले व उठून आत गेले. दार त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून घेतले. तांबडा दिवा पेटला. मी ढोलाचा ठेका सोडला आणि त्यांचेच वाक्य त्यांच्या कानावर पडले, की आबा कुणाचाच नाही.

तदनंतर आबा जे बोलले तसे ते पूर्वी कधी बोलले नव्हते.

“ऐका,” ते म्हणाले. “रावसाहेब, तुम्ही ऐका. संतोष, तूही ऐक. ही पोरगी मैदानात उभी राहते आणि स्वतःच्याच संघाला बाहेर काढते. का? तर हिच्या वेणीला वारा लागला. अगं, वेणी सांभाळायची तर घरी आरसा आहे. मैदानात सहा जणी तुझ्या तोंडाकडे बघतायत, त्यांचा विचार कुणी करायचा? पंचाला डोळे दिलेत देवानं. पंचानं दिलं तर बाहेर, नाही दिलं तर उभं राहायचं. पाय रोवून उभं राहायचं. लागलं की नाही हे ठरवणारी तू कोण?”

नम्रता मध्ये म्हणाली, “आबा, पण ती प्रामाणिक...”

“प्रामाणिक?” आबांचा आवाज चढला. “आणि तिला ज्यानं शिकवलं ना, त्याला आधी बाकावर बसवा. असेल कुठलातरी खेड्यातला मास्तर. पोरींना कबड्डी शिकवायची तर यानं हरायला शिकवलं. दुसऱ्याची पोरगी आहे, आपलं काय जातंय, म्हणाला असेल. अशा माणसानं मैदान विकावं आणि तिथं बिल्डिंग बांधावी. चार माणसांची राहायची तरी सोय होईल. निकाल : बाकावर. दोघंही.”

काचेअलीकडे मॅडम हळूच टाळ्या वाजवत होत्या. फोनचे दिवे एकाच वेळी लुकलुकू लागले. रावसाहेबांनी पुन्हा फोन करून “आज पैसे वसूल,” असे सांगितले. आबा ताठ बसून होते. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला नाही.

कार्यक्रम संपल्यावर जिना उतरताना सुदर्शन सर आबांच्या बरोबरीने चालत होते. मी मागे होतो. शिकवणीची मुले भिंतीला चिकटून वाट देत होती.

“बोललात झकास,” सर म्हणाले. “निकाल मात्र मला पटला नाही.”

“तो आमच्या धंद्याचा भाग,” आबा म्हणाले.

“आमच्या वेळी आम्हीही हात वर करायचो. आता कुणी शिकवत नाही तसं. या मुलीला कोण शिकवतं, आपल्याला काही ठाऊक आहे का? भेटायला आवडेल मला.”

आबा एका पायरीवर थांबले. जिन्यात फक्त आम्ही तिघे व ती मुले. मला वाटले, आता हे बोलतील.

“ठाऊक नाही,” आबा म्हणाले.

रविवारी यादी लागली. वैष्णवी खुटवड हे नाव तीत होते. कोणी वशिला म्हटले नाही. कसे म्हणणार? शहरातील सर्वांत तिखट जिभेने तिला जाहीरपणे झोडपले होते. ती सरावशिबिरास निघून गेली. आबा मला पेढा द्यावयास विसरले नाहीत. मात्र तो त्यांनी जिन्यात, कोणी पाहत नाही असे बघून दिला. मैत्री मॅडमांनी तो निकाल कापून त्याची छोटी जाहिरात केली व ती दिवसभर वाजू लागली. आबांनी एकदा सांगून पाहिले, “ती काढता येईल का?”

“का काढायची? सर्वांत गाजलेला निकाल आहे तुमचा,” मॅडम म्हणाल्या. “काही कारण?”

कारण नव्हते. म्हणजे होते, पण ते त्यांच्या कन्येचे होते, त्यांचे नव्हते.

पुढे एके संध्याकाळी आबा म्हणाले, “आज स्वारगेटला सोडू नकोस. मैदानापर्यंत चल.” कात्रजच्या चौकात वाहने खोळंबलेली होती. पुढे जागा नाही, मागे वळता येत नाही, अशा स्थितीत आम्ही बराच वेळ उभे होतो. शेजारच्या रिक्षात रेडिओ चालू होता व त्यातून त्यांचाच आवाज येत होता, की दोघंही बाकावर. रिक्षावाला मान डोलवत होता. आबा हेल्मेटची काच खाली करून बसून राहिले.

मैदानावर मुली खेळत होत्या. हल्ली त्यांत नव्या इमारतींतील मुली बऱ्याच आहेत. त्यांचे आईवडील कठड्याशी मोबाईल धरून उभे राहतात. आबा दिसताच, त्यांना आवाजावरून ओळखून चुकलेले एक गृहस्थ पुढे आले व त्यांनी त्यांच्या हाती एक कोरी शिट्टी ठेवली. “सोसायटीतर्फे,” ते म्हणाले. “तुमच्यासारखा निकाल देणारा माणूस असताना पोरी आपापसात ठरवतात, हे बरं नाही दिसत.”

खेळ पुढे चालू झाला. चढाई करणाऱ्या मुलीचा हात मुक्ताई नावाच्या एका लहान मुलीच्या कोपराला लागला. मुक्ताई मराठवाड्यातून आलेल्या एका कुटुंबातली. कोपराला लागल्याचे मी कठड्यावरून पाहिले. मुक्ताईने हात वर नेला, पण तो अर्ध्यावरच थांबला. तिने अण्णांकडे पाहिले व हात खाली घेतला.

“लागलं हिला,” चढाई करणारी ओरडली.

“पंचांनी कुठं दिलं?” मुक्ताईच्या संघातील मुली म्हणाल्या. “रेडिओवर सांगितलंय ना, नाही दिलं तर उभं राहायचं.” मग सगळ्या जणी आबांकडे धावल्या. आजवर त्या मैदानावर त्यांना अण्णाशिवाय दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. “आबा, निकाल द्या,” त्या म्हणाल्या.

आबांनी त्यांना बाजूला सारले व ते मुक्ताईपाशी जाऊन वाकले. “तुला लागलं का गं?”

मुक्ताईने कोपर झाकले. “तुम्हीच सांगा की. पंच तुम्हीच.”

कठड्याशी मोबाईल वर झाले होते. आबा त्या मुलीकडे पाहत राहिले. त्यांनी एकच वाक्य बोलावे, की मी रेडिओवर बोललो ते खोटे होते, असे मला फार वाटले. परंतु त्या वाक्याच्या पाठोपाठ का, हा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर शिबिरात सराव करीत होते.

“मला दिसलं नाही,” ते शेवटी म्हणाले.

“म्हणजे नाही लागलं,” मुली म्हणाल्या, आणि पुन्हा जागेवर गेल्या. मुक्ताई आपल्या कोपऱ्यात पाय रोवून उभी राहिली, जसे त्यांनी सांगितले होते तसेच. आबा मधल्या रेषेशी गेले. त्यांनी शिट्टी ओठांत धरली व फुंकली. संध्याकाळभर ते तेथेच उभे होते, कारण आता त्या मैदानास पंच लागत होता, आणि पंचाला हलता येत नाही.

वाचकहो, ही कथा आपण आपला बहुमोल वेळ खर्च करून अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. काही चुकले असल्यास उदार मनाने सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
माऊली काशिनाथ गवळे
कोथरूड, पुणे